भाषेची लेव्हल: ए१ ते सी२ म्हणजे काय आणि ती तपासतात कशी

भाषेची लेव्हल म्हणजे एखाद्याला ती भाषा वापरून प्रत्यक्षात काय काय करता येतं याचं माप. किती शब्द पाठ आहेत, व्याकरणाचे किती धडे झाले, किती वर्षं क्लास लावला, यातलं काहीच त्यात थेट मोजत नाहीत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

सगळ्यात जास्त चालणारी पट्टी म्हणजे सीईएफआर. ही काउन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ मध्ये आणली (युरोपियन युनियन वेगळं, ही संस्था वेगळी). ए म्हणजे सुरुवात, बी म्हणजे स्वतःच्या बळावर निभावणारा, सी म्हणजे मुरलेला, आणि प्रत्येकात दोन पायऱ्या, म्हणून ए१ ते सी२ अशा सहा. ही एकदम आभाळातून पडली नाही, १९७५ मध्येच इंग्रजीसाठी 'थ्रेशोल्ड लेव्हल' नावाचं वर्णन आलं होतं, परक्या देशात रोजचे व्यवहार निभवायला किमान किती भाषा लागते ते त्यात मांडलं होतं, आजची बी१ साधारण तीच. २०२० च्या सुधारित पुरवणीत ए१ च्याही खाली प्री-ए१ आली.

आता फरक नेमका कसा दिसतो? समजा भाड्याच्या घरात नळ गळतोय आणि घरमालकाला फोन करायचाय. ए१ वाला म्हणेल, 'पाणी. बाथरूम. प्लीज या.' ए२ वाला म्हणेल, 'बाथरूममध्ये पाणी येते. काल पण आले. तुम्ही कधी येणार?' बी१ वाला अडखळत का होईना पण सगळी हकीकत सांगेल, कधीपासून गळतंय, त्याने स्वतः काय करून पाहिलं, आता काय हवंय. बी२ वाल्याला मालक म्हणाला की 'तुम्हीच बिघडवला असेल' तर तो वाद घालू शकतो, करारात दुरुस्तीचं काय लिहिलंय ते काढून दाखवू शकतो. सी१ वाला तेच काम मालकाला न दुखावता करेल, कुठे ताणायचं कुठे सोडायचं हे त्याला शब्दांतून जमतं. चुका बी२ ला पण होतातच, फक्त त्यामुळे समोरच्याचा गैरसमज होत नाही. आणि सी२ म्हणजे 'अगदी मातृभाषेसारखं' असं लोक सर्रास म्हणतात, पण सीईएफआरने स्वतःच तसा दावा केलेला नाही.

दुसरी गोष्ट, माणसाची एकच लेव्हल असते हेच मुळात अर्धसत्य आहे. वाचन बी२, ऐकणं बी१, बोलणं ए२ असा माणूस अजिबात दुर्मिळ नाही, पुस्तकातून शिकलेले बरेच जण असेच असतात, आणि नुसतं लोकांत राहून शिकलेल्यांचं बरोबर उलटं. म्हणून सर्टिफिकेटवरच्या एका अक्षरापेक्षा प्रत्येक कौशल्याचे वेगळे मार्क बघावेत, खरी माहिती तिथे असते.

बाकी पट्ट्याही आहेत. अमेरिकन सरकारी खात्यांची ० ते ५ वाली आयएलआर, तिथल्याच शिक्षणक्षेत्रातली नॉव्हिस ते डिस्टिंग्विश्ड वाली एसीटीएफएल, जपानीची जेएलपीटी, जी २०१० पासून एन५ ते एन१ अशी पाच पायऱ्यांची आहे, त्यातही एन१ सगळ्यात वरची. गंमत म्हणजे जेएलपीटीत बोलायचा आणि लिहायचा पेपरच नाही, त्यामुळे एन१ पास झालेला माणूस फाडफाड जपानी बोलेलच असं धरून चालू नये. एका पट्टीवरून दुसरीवर भाषांतर करणारे तक्ते फक्त अंदाजापुरते.

टेस्टचे प्रकार हेतूवरून पडतात. प्लेसमेंट टेस्ट कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवते, डायग्नोस्टिक कच्चं कुठे आहे ते शोधते, अचीव्हमेंट शिकवलेलं किती आलं ते बघते, आणि प्रोफिशिएन्सी टेस्टला तुम्ही कुठे, कोणाकडे शिकलात याच्याशी काही देणंघेणं नसतं. ऑनलाइन बऱ्याच टेस्ट अडॅप्टिव्ह असतात, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा.

सगळ्यात अवघड काम बोलणं तपासण्याचं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतली मुलाखत ११ ते १४ मिनिटांची, मधल्या भागात हातात विषयाचं कार्ड देतात, तयारीला १ मिनिट आणि मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. परीक्षक चार गोष्टी स्वतंत्र मोजतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता नि अचूकता, आणि उच्चार. तुमचं मत त्याला पटलं की नाही याला मार्क नाहीत. पाठ करून आलेलं उत्तर सराईत परीक्षकाला लगेच कळतं कारण पुढच्या साध्या प्रश्नाला गाडी अडते. दोन परीक्षकांचे मार्क फार वेगळे पडू नयेत म्हणून निकष लेखी असतात आणि परीक्षकांना ट्रेनिंग देतात, तरी माणूस म्हटला की थोडं इकडेतिकडे होणारच.

पूर्वी हे प्रकरण भयंकरच होतं. केंब्रिजची इंग्रजीची प्रोफिशिएन्सी परीक्षा १९१३ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा ती जवळपास १२ तासांची होती, त्यात भाषांतर आणि ध्वनिशास्त्रसुद्धा, बसले तिघं आणि पास कोणीच नाही.

वेळेचं म्हणाल तर केंब्रिजच्याच अंदाजाने इंग्रजीत शून्यापासून बी१ ला ३५० ते ४०० तासांचं शिक्षण लागतं, बी२ ला ५०० ते ६००, सी२ ला १००० ते १२००. हे साधारण आकडे, मातृभाषा किती जवळची यावर बरंच अवलंबून. 'तीन महिन्यांत सी१' वाल्या जाहिराती बघताना हा हिशोब डोक्यात ठेवावा.

परीक्षेचा शिकवण्यावर उलटा परिणामही होतो, त्याला वॉशबॅक म्हणतात. पेपरात बोलणं नसेल तर वर्गात कोणी बोलायला लावत नाही, आणि तोंडी परीक्षा घातली की तेच मास्तर जोड्या पाडून संवाद करवून घेतात.

निकाल किती काळ चालतो हे परीक्षेवर आहे. आयईएलटीएसचा साधारणपणे २ वर्षंच धरतात, फ्रेंचचा डेल्फ डिप्लोमा मात्र आयुष्यभराचा, मग मधल्या काळात तुम्ही फ्रेंच विसरलात तरी कागदावर बी२ च राहता. म्हणून काही कॉलेजं नि कंपन्या जुनं सर्टिफिकेट असलं तरी स्वतःची छोटी टेस्ट किंवा मुलाखत घेतातच.