दॉर्दोन्य खोऱ्यातली गावं आणि गुहा: एका दिवसाच्या सहलीमागचा इतिहास

नैऋत्य फ्रान्समधल्या सार्ला या छोट्या शहरात मुक्काम करून सकाळी चित्रगुहा, दुपारी नदीकाठचं मध्ययुगीन गाव आणि उतरत्या उन्हात एखादा किल्ला, अशी सहल आज हजारो लोक करतात. पण ऐनवेळी पोहोचलेल्यांना काही गोष्टी खटकतात. हिमयुगातल्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली मूळ लास्को गुहा पाहताच येत नाही. फों-द-गोम या दुसऱ्या चित्रगुहेची तिकिटं संपलेली असतात. गाडी गावाबाहेर ठेवून चढ चढावा लागतो. यातला एकेक नियम कुठून आला हे समजलं, की दिवसाची आखणीही नीट जमते.

सुरुवात दगडापासून करायला हवी. हा सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. अजिंठ्याची लेणी माणसाने बेसॉल्टमध्ये छिन्नीने कोरली. इथल्या गुहा पाण्याने झिजवल्या. किंचित आम्लधर्मी पावसाचं पाणी भेगांतून आत मुरतं, चुनखडी विरघळवतं आणि पोकळ्या तयार होतात. वेझेर आणि दॉर्दोन्य या नद्यांनी कडे खालून पोखरले, त्यामुळे पुढे झुकलेल्या छज्जासारखे आडोसे तयार झाले. हिमयुगातला माणूस या आडोशांत राहत असे. चित्रांसाठी मात्र तो बहुतेक वेळा खोल, अंधाऱ्या गुहेत जाई. पुढे मध्ययुगात याच आडोशांना भिंती घालून घरं बांधली गेली. ला रोक सेंट क्रिस्तोफच्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या कड्यावर तुळया रोवण्यासाठी कोरलेल्या खाचा अजून दिसतात. १५८८ मध्ये, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या फ्रान्सच्या धर्मयुद्धांच्या धामधुमीत, ती वस्ती पाडली गेली. गुहा आणि गाव एका दिवसात पाहता येतात, कारण दोन्ही एकाच कड्याच्या आधाराने वसली.

इथे संशोधक आले ते एकोणिसाव्या शतकात. एदुआर लार्ते आणि हेन्री ख्रिस्ती यांनी १८६३ मध्ये लेझेझी गावाच्या परिसरात उत्खनन सुरू केलं. १८६८ मध्ये तिथेच, रेल्वेच्या निमित्ताने चाललेल्या रस्त्याच्या कामात, क्रो-मान्यों आडोशाखाली मानवी सांगाडे सापडले. तरी गुहेतली चित्रं इतकी जुनी असतील यावर विद्वानांचा विश्वास बसत नव्हता. सप्टेंबर १९०१ मध्ये कापितां, ब्रय आणि पेरोनी या संशोधकांनी आधी कोंबारेल ही गुहा आणि मग काही दिवसांतच फों-द-गोम उजेडात आणली, तेव्हा वारं फिरलं. सर्वांत मोठे शंकेखोर एमिल कार्तेयाक यांनी पुढच्याच वर्षी आपली चूक छापील लेखात मान्य केली.

लास्कोचा शोध १२ सप्टेंबर १९४० चा. मोंतिन्याकजवळच्या टेकडीवर मार्सेल राविदा आणि त्याचे तीन मित्र एका बिळातून आत उतरले. युद्धानंतर, १९४८ मध्ये, गुहा लोकांसाठी उघडली आणि तिथेच घात झाला. ये-जा सोपी व्हावी म्हणून प्रवेशमार्ग रुंद केला, जमीन खोदून खाली नेली, दिवे बसवले. रोज हजारावर माणसं आत जाऊ लागली. प्रत्येकाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प बाहेर पडतं, अंगाची ऊब हवेत मिसळते. थंड भिंतीवर बाष्प साचतं, त्यात तो वायू विरघळून पाणी आम्लधर्मी होतं आणि चुनखडी खातं. ते सुकलं की कॅल्साइटचा पांढरा थर चित्रांवर चढतो. याला ‘पांढरा रोग’ म्हटलं गेलं. दिव्यांच्या उजेडात शेवाळ फोफावलं, तो ‘हिरवा रोग’. यंत्रं लावून हवा खेळती ठेवायचा प्रयत्न झाला, पण नुकसान थांबेना. अखेर एप्रिल १९६३ मध्ये संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. त्यानंतरही २००१ मध्ये बुरशीची मोठी लागण झाली. म्हणजे एकदा बिघडलेला समतोल दार लावून परत येत नाही, आणि ही बंदी उठण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

१९८३ मध्ये मूळ गुहेपासून सुमारे २०० मीटरवर लास्को-२ ही पहिली प्रतिकृती खुली झाली. तिच्यात बैलांचं दालन आणि त्याला लागून असलेली चित्रवीथी तेवढी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी उघडलेल्या लास्को-४ मध्ये जवळजवळ सगळी चित्रं आहेत. प्रतिकृती म्हणून तिला कमी लेखू नये. बैलांचा आकार आणि भिंतीच्या फुगवट्याचा चित्रकाराने केलेला वापर तिथे नीट उलगडतो.

अस्सल रंग पाहायचाच असेल तर पर्याय आहेत. फों-द-गोममधले बहुरंगी गवे आजही मूळ भिंतीवर पाहता येतात. म्हणूनच गट लहान आणि जागा मोजक्या. सहलीचा दिवस याच तिकिटाभोवती बांधावा, उलट करू नये. रुफिन्याकमध्ये विजेवर चालणारी छोटी गाडी आत नेते आणि गाइड ठिकठिकाणी मॅमथची चित्रं दाखवतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही गुहा सर्वांत सोयीची. छतावर जुन्या प्रवाशांनी धुराने लिहिलेली नावंही दिसतात. लोत खोऱ्यातली पेश मेर्ल १९२२ मध्ये दोन मुलांनी शोधली. ठिपक्यांच्या घोड्यांचं प्रसिद्ध चित्र तिथलंच. तिथे दिवसाला ७०० जणांची मर्यादा आहे, आणि ती लास्कोचा धडा घेऊनच आखलेली आहे.

पादिराकचं विवर वेगळं. तिथे चित्रं नाहीत, भूगर्भातली नदी आहे. छत कोसळून झालेल्या ७५ मीटर खोल विहिरीतून गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये दोराच्या शिडीने उतरले. दहा वर्षांत तिथे जिने बांधून विवर लोकांना खुलं झालं. आज लिफ्ट आहे, तळाशी होडीही आहे. आत तापमान १३ अंशांच्या आसपास असतं आणि छतातून पाणी ठिबकतं. भर ऑगस्टमध्येही स्वेटर आणि न घसरणारे बूट लागतात.

आता गावांकडे. ११५२ मध्ये आक्वितेन या इथल्या प्रांताची वारस एलिनोर हिने हेन्री प्लांताजेनेशी लग्न केलं. दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा मुलूख दोन राजसत्तांच्या मधोमध आला. १२५९ च्या पॅरिस तहाने सीमेचा घोळ मिटला नाही. मग दोन्ही बाजूंनी नवी गावं वसवायला सुरुवात केली. या गावांना बास्तिद म्हणतात. फ्रान्सच्या राजाने १२८१ मध्ये दोम वसवलं, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये मोंपाझिये. पद्धत ठरलेली होती: स्थानिक सरदार जमीन देई, राजा संरक्षण आणि सनद देई, उत्पन्न दोघांत वाटलं जाई. येणाऱ्या कुटुंबाला घरासाठी सारख्या मापाचा तुकडा, शिवाय बाग आणि शेत मिळे. मोंपाझियेत हे आजही पायी फिरून तपासता येतं. काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध चौक, भोवती कमानींचे ओटे, लाकडी छपराच्या बाजारात धान्य मोजायची जुनी मापं. दोन घरांमध्ये हात जेमतेम शिरेल अशी फट सोडलेली दिसते. आग पसरू नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून ती ठेवली. दोम मात्र कड्याच्या माथ्यावर, त्यामुळे तिथली आखणी वाकडी झाली. तिथल्या बाजाराच्या छपराखालीच गुहेचं दार आहे. जमिनीखालून चालत जाऊन बाहेर पडलं की समोर थेट दॉर्दोन्य नदीचं खोरं.

इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेलनोचा किल्ला इंग्रजांकडे आणि नदीपलीकडचा बेनाकचा किल्ला फ्रेंचांकडे असा सामना होता. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईने तो संपला आणि पुढच्या शतकात सार्लामधले श्रीमंत वाडे उभे राहिले. नंतर व्यापार आटला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा या किडीने द्राक्षमळे मारले, लोक शहरांकडे गेले. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून घरं टिकली. चपट्या दगडांची छपरं मात्र खचू लागली; चौरस मीटरला शेकडो किलो वजन पेलणाऱ्या लाकडाची डागडुजी परवडणारी नव्हती. ४ ऑगस्ट १९६२ चा कायदा मालरो यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याने एकेका वास्तूऐवजी सबंध जुन्या वस्तीला संरक्षण दिलं आणि सार्ला त्याच्या पहिल्या लाभार्थ्यांपैकी एक ठरलं. १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूझचे महापौर शार्ल सेराक यांनी ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही संघटना सुरू केली. अटींपैकी दोन: लोकवस्ती २,००० च्या आत आणि किमान दोन संरक्षित स्थळं. अशा गावांतल्या गल्ल्या गाड्यांसाठी नव्हत्याच, म्हणून वाहनतळ वेशीबाहेर.

एका दिवसात एकच गुहा आणि दोन गावं पुरेत. वेझेर खोऱ्यात गेलात तर सार्ला, लेझेझी आणि परतताना बेनाक. पादिराकला रोकामादूर जोडावं. कड्याला बिलगलेल्या त्या तीर्थक्षेत्री खालच्या गल्लीतून मंदिरांपर्यंत २१६ पायऱ्या आहेत आणि भाविक त्या गुडघ्यांवर चढत. रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ‘रोकामादूर-पादिराक’ नावाचं स्टेशन रोकामादूरपासून चारेक किलोमीटर लांब आहे, आणि पादिराक तर त्याहून कितीतरी दूर. गुहेची वेळ चुकली तर पुढच्या गटात जागा मिळेलच असं नाही, म्हणून अर्धा तास आधी पोहोचावं. खेड्यातली खानावळ साधारण बारा ते दोन जेवण देते. अडीचला गेलात तर उपाशी राहाल, त्यामुळे सार्लाच्या बुधवार-शनिवारच्या बाजारातून पाव, चीज आणि अक्रोड बरोबर घ्यावेत. हिवाळ्यात पेश मेर्ल आणि पादिराक काही महिने बंद असतात. तेव्हा तारखा पक्क्या करण्याआधी दोन्हींचं चालू वर्षाचं वेळापत्रक पाहून घ्यावं.