वस्तीचं मोजमाप: बादली, टेप आणि छेद

समजा, एका सोसायट्यांच्या भागातून महिन्याला पाण्याच्या ४० तक्रारी येतात आणि शेजारच्या झोपडपट्टीतून चारच. तेवढ्यावरून झोपडपट्टीत पाणी बरं येतं असं ठरवणं ही वस्तीतल्या सोयी मोजण्याच्या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक. तक्रार नोंदवायला मोबाईल लागतो, सवड लागते आणि नोंदवून काही होतं हा पूर्वानुभवही लागतो. तक्रारींच्या आकड्यात त्रासापेक्षा तक्रार करण्याची ऐपतच जास्त मोजली जाते.

त्यामुळे नळावर जाऊनच मोजावं. टाकी आणि मोटरच्या आधीच्या नळाखाली २० लिटरची बादली ठेवायची आणि वेळ लावायची. चार मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर. पाणी तासभर येत असेल तर ३०० लिटर. घरात पाच माणसं असतील तर माणशी ६०. शहरांसाठीचा राष्ट्रीय मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे, म्हणजे या घराला निम्मंही मिळत नाही. दाब शेवटी उतरतो, तेव्हा पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी आणि जाण्याआधी दहा मिनिटं अशी दोनदा मोजणी हवी. लाइनवरचं शेवटचं घर वगळू नये. सरासरीत नेमकं तेच बुडतं.

त्याच नळावर क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडीन द्रावणाची) चाचणी होते. पाणी दोन मिनिटं वाहू द्यावं, नमुन्यात द्रावण टाकावं आणि पिवळा रंग पट्टीशी लगेच जुळवावा. उशीर केला तर रंग गडद होतो आणि क्लोरीन आहे त्याहून जास्त वाटतं. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे.

फुटपाथचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. सरासरी दोन मीटर भरली तरी मध्येच विजेचा एक डीपी (वितरण पेटी) आडवा असेल, तर व्हीलचेअर तिथेच अडते. टेपने दर ५० मीटरच्या टप्प्यातली सर्वांत अरुंद जागा मोजावी आणि किती टप्पे पास झाले, ते लिहावं.

खरी गोची छेदात, म्हणजे ज्या संख्येने भागायचं तिच्यात आहे. ‘दर हजारी’ म्हणताना त्या हजारांची गणती बहुधा २०११च्या जनगणनेतली असते. नव्या इमारतींनी भरलेल्या उपनगरात तो छेद फारच तोकडा पडतो आणि प्रत्येक दर फुगतो. त्यात सीमा सरकतात. पुण्यात २०१२ला दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ला बहुतेक चार सदस्यांचे झाले. प्रभाग क्रमांकावरून या दोन वर्षांची तुलना करण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरने यावर चांगली तोड काढली: जनगणनेचे छोटे गट जोडून शहराचे ५५ भाग पाडले. निवडणुकीशी त्यांचा संबंध नाही. आपल्याकडे जनगणनेचे प्रगणन गट एकत्र करून असं करता येईल, आणि केलंच पाहिजे.

लहान भागात लहान आकडे फसवतात. डेंग्यूचे रुग्ण दोनाचे चार झाले की ‘१०० टक्के वाढ’ असं छापलं जातं. अशा ठिकाणी तीन वर्षांची बेरीज घ्यावी आणि टक्क्यांसोबत मूळ आकडाही द्यावा.

नवी जलवाहिनी टाकल्यावर फेरमोजणी करायची, तर नळ तेच, वेळ तीच आणि महिनाही तोच हवा. मे महिन्यातल्या बादलीशी ऑगस्टमधली बादली ताडून पाहिली, तर सुधारणेचं श्रेय पावसाळ्यालाच जाईल.