बाह्य घटक-मॉडेल : सर्किट सिम्युलेशन

सर्किट सिम्युलेशनच्या (सर्किट प्रत्यक्ष न बांधता त्याचे वर्तन संगणकावर तपासण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये मुळात नसलेल्या घटकाचे गणिती वर्णन, म्हणजे मॉडेल, उत्पादकाकडून वा अन्य ठिकाणाहून मिळवून त्या सॉफ्टवेअरला जोडण्याची पद्धत. खानदेशात जळगाव, धुळे, शिरपूर येथील अभियांत्रिकी शिक्षणात ती प्रकल्पांच्या निमित्ताने येते. शेतीपंपाचा ऑटो स्टार्टर, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटार बंद करणारे साधन) किंवा सौरपंपाचा नियंत्रक अशा सर्किटांना रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात थेट उपयोग असून त्यांतील ऑपअँप (संकेत वाढवणारी आयसी) व मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) यांची मॉडेले बहुधा बाहेरूनच आणावी लागतात.

पद्धतीचा आरंभ कोठे धरावा, हा प्रश्न व्याख्येशी निगडित आहे. स्पाइस हा सर्किट सिम्युलेशनचा प्रोग्रॅम बर्कली (कॅलिफोर्निया विद्यापीठ) येथे डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी विकसित केला व १९७३ मध्ये तो मांडला गेला. रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गात तयार झालेला ‘कॅन्सर’ हा त्याचा पूर्वज. डायोड वा ट्रान्झिस्टरच्या ‘डॉट मॉडेल’ ओळीत प्रोग्रॅममधील तयार समीकरणांना फक्त आकडे पुरवले जातात. तेवढ्यालाच बाह्य मॉडेल म्हटले, तर आरंभ स्पाइसच्या पहिल्या काळापर्यंत मागे नेता येतो. मात्र बॉयल, कोन, पेडरसन आणि सॉलोमन यांनी १९७४ मध्ये ऑपअँपचे मॅक्रोमॉडेल (संक्षिप्त मॉडेल) प्रसिद्ध केले. त्यात आतले सगळे ट्रान्झिस्टर न मांडता मोजक्या घटकांतून आयसीचे बाहेरून दिसणारे वर्तन उभे केले आहे. आजच्या अर्थाने हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रसार मात्र १९८४ च्या सुमारास पीस्पाइस ही स्पाइसची आवृत्ती वैयक्तिक संगणकावर आल्यानंतरचा.

जोडणीत खरी अडचण पिनांच्या क्रमाची असते. सबसर्किटच्या (अनेक घटक जोडून एकच घटक म्हणून लिहिलेल्या मॉडेलच्या) पहिल्या ओळीतील आकडे हे आयसीच्या पायांचे क्रमांक नव्हेत. टीएल०७२ या ऑपअँप आयसीच्या प्रचलित मॉडेलात १ ते ५ हे अनुक्रमे नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट, इन्व्हर्टिंग इनपुट, धन पुरवठा, ऋण पुरवठा व आउटपुट आहेत. प्रत्यक्ष आयसीचा १ क्रमांकाचा पाय मात्र आउटपुटचा. सर्किटच्या आकृतीतील चिन्हाचा पिनक्रम या ओळीशी जुळला नाही, तरी सॉफ्टवेअर बहुधा तक्रार करत नाही. उत्तर चुकीचे येते. एलटीस्पाइस या स्पाइसवर्गीय सॉफ्टवेअरमध्ये मॉस्फेटचे मॉडेल सबसर्किट स्वरूपात असेल, तर चिन्हाचा प्रीफिक्स (घटकाचा प्रकार सांगणारी सुरुवातीची अक्षरे) ‘एमएन’ऐवजी ‘एक्स’ करावा लागतो. मूल्य लिहिताना ‘एम’ म्हणजे मिली. दशलक्षासाठी ‘मेग’ लिहावे लागते. मेगओहमच्या जागी नुसता ‘एम’ पडला की रोध मिलिओहमचा होतो.

काही उत्पादक मॉडेल कूटबद्ध करून देतात; ते ज्या सॉफ्टवेअरसाठी असेल त्यातच चालते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील ईसिम हे मुक्त सॉफ्टवेअर कायकॅड (आकृती काढण्याचे) व एनजीस्पाइस (सिम्युलेशनचे) या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे असून त्यात मॉडेल एडिटर व सबसर्किट बांधण्याची सोय आहे.