इन्फ्लेशनची पार्श्वभूमी, आणि मार्च २०१४ ची ती घाई

शनिवारी ठाण्यात आपल्या आकाशवाल्या ग्रुपची बैठक आहे, विषय इन्फ्लेशन, म्हणजे विश्व जन्मल्याबरोबर क्षणभर प्रचंड वेगाने फुगलं ही कल्पना, आणि तिची खूण सापडल्याची मार्च २०१४ मधली घाईची घोषणा, त्याआधी थोडी पार्श्वभूमी टाइप करून ठेवतोय. बिग बँग म्हणजे काय आणि सगळ्या आकाशातून येणारं, त्या काळापासून उरलेलं ते मायक्रोवेव्ह प्रारण कुठून येतं हे परत सांगत बसत नाही, मागच्या दोन बैठका त्यातच गेल्या.

आधी शब्दाचं निस्तरू. मागे सोसायटीच्या बोर्डावर नुसतं 'इन्फ्लेशन, वक्ता अमुक' असं लिहिलं तर बँकेतून रिटायर झालेले दोन काका वही घेऊन आले आणि हा माणूस रेपो रेटवर कधी येतो याची पंधरा मिनिटं वाट बघत बसले. त्यांची काही चूक नाही, हे नाव पडलं तेव्हा अमेरिकेत महागाई दोन आकडी झालेली होती आणि तोच शब्द सगळ्यांच्या तोंडात होता. मराठीत 'प्रसरण' म्हणावं तर आजही चालू असलेल्या साध्या प्रसरणाशी गल्लत होते. 'फुगवटा' मला आवडतो, पण आपल्याकडे चलनफुगवटा आधीपासून आहेच, म्हणजे काका परत येणार. खाली इन्फ्लेशनच म्हणतो.

कल्पना आली डिसेंबर १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियात, बत्तीस वर्षांच्या एका माणसाला, ज्याला तोवर कायमची नोकरी पण नव्हती. तो विश्वाचं कोडं सोडवायला बसलाच नव्हता, त्याला चुंबकीय एकध्रुवांनी, म्हणजे एकच ध्रुव असलेल्या चुंबकी कणांनी, छळलं होतं. त्या काळच्या महाएकीकरण सिद्धांतांप्रमाणे (गुरुत्वाकर्षण सोडून निसर्गाची बाकीची बलं मुळात एकच मानणारे सिद्धांत) हे एकध्रुव ढिगाने तयार व्हायला हवे होते आणि दिसत तर एकही नव्हता. विश्व सुरुवातीच्या अतिसूक्ष्म क्षणात प्रचंड वेगाने फुगलं असेल तर ते इतके पांगतील की हाती लागणारच नाहीत, आणि त्याच फटक्यात आकाशाच्या दोन टोकांचं तापमान सारखं का आणि विश्व एवढं सपाट का, म्हणजे अवकाशाची भूमिती वाकलेली का नाही, हेही सुटतं. पेपर छापून आला जानेवारी १९८१ ला. त्यात फुगणं नीट थांबत नाही, जिथे ते थांबतं तिथले बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. १९८२ मध्ये मॉस्को आणि पेनसिल्व्हेनिया अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे त्यावर उपाय निघाला. आणि सोव्हिएत रशियात १९८० मध्येच एकाने वेगळ्या वाटेने जवळपास हीच गोष्ट मांडलेली होती, नाव काय ठेवायचं हे त्याला सुचलं नाही एवढंच. नाव ठेवणाऱ्याला निम्मं श्रेय मिळतं, काय करणार.

त्याच महाएकीकरण सिद्धांतांचा दुसरा परिणाम, प्रोटॉनचा क्षय, म्हणजे प्रोटॉन आपणहून मोडणं, तो शोधायला कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक जपान्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते, १९८० पासून. पक्कं काही हाती लागलं नाही, पण आपल्याकडे या विषयाशी कोणाचा संबंधच नव्हता असं म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं. आणि पुण्यातले ते आपले विज्ञानकथावाले खगोलशास्त्रज्ञ, ज्यांच्यामुळे आमच्या पिढीतले निम्मे लोक दुर्बिणीला डोळा लावायला शिकले, ते बिग बँगलाच शेवटपर्यंत मानत नव्हते, इन्फ्लेशन तर लांबच राहिलं. मला त्यांचं पटत नाही, पण 'पुरावा दाखवा' हा त्यांचा हेका खाली लिहितोय त्या प्रकरणात कोणीतरी धरायला हवा होता.

मधली वर्षं पटकन उरकतो. १९९२ मध्ये उपग्रहाने त्या प्रारणातले लाखात एक इतके बारीक चढउतार पकडले, मग २००१ आणि २००९ ला आणखी दोन उपग्रह गेले, आणि चढउतारांचं गणित इन्फ्लेशनला साजेसं निघत गेलं. राहिली एकच गोष्ट, आद्य गुरुत्वीय लहरी. फुगण्याच्या वेळी अवकाश थरथरलं असेल तर त्याची खूण प्रारणाच्या ध्रुवीकरणात भोवऱ्यासारख्या नक्षीत उरेल, तिला बी-मोड म्हणतात. ही खूण किती जोरकस, ते आर नावाच्या आकड्यात मोजतात. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ जी वेधशाळा व्हायची आहे ती कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या लहरींची, या लहरी वेगळ्या, दर बैठकीत कोणीतरी हे विचारतंच.

ध्रुवीकरण ज्यांना धूसर वाटतं त्यांनी संध्याकाळी उन्हं कलायच्या आत पोलराइज्ड गॉगल घेऊन तलावपाळीला जावं. पाण्यावरची चकाकी गॉगलमधून मरते, मान खांद्याकडे वाकडी करत नेली की हळूहळू परत येते. लोक बघतात, बघू दे. म्हणजे त्या उजेडाला एक दिशा होती आणि काच ती अडवत होती. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीने आकाशाच्या एका तुकड्याकडे तीन वर्षं, २०१० ते २०१२, हेच केलं. भिंग फक्त २६ सेंटीमीटरचं.

१७ मार्च २०१४ ला त्या दुर्बिणीच्या टीमने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की बी-मोड सापडला, आर ०.२, आणि सिग्नल पाच सिग्माच्या वर, म्हणजे निव्वळ योगायोग असण्याची शक्यता जवळपास नाहीच. ज्या शास्त्रज्ञाचं सगळ्यात साधं मॉडेल ०.१५ च्या आसपासचा आकडा सांगत होतं त्याच्या दारात टीमचा माणूस शॅम्पेन घेऊन गेला, तो व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल, मी तर पाच-सहा वेळा बघितला. पुढच्याच रविवारी मी बैठकीत पेढे वाटले आणि फळ्यावर 'सिद्ध झालं' असं लिहिलं. नंतर ते पुसायला मलाच उभं राहावं लागलं, पेढे मात्र कोणी परत केले नाहीत.

वाद आहे तो हा, की त्या दिवशी जाहीर करायचा निर्णय बरोबर होता का. पेपर तेव्हा तज्ज्ञांकडून तपासून झालेला नव्हता. त्याहून मोठी अडचण, मोजमाप एकाच वारंवारतेवर, १५० गिगाहर्ट्झला. आपल्या आकाशगंगेतली धूळ चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला लागते आणि तीही ध्रुवीकृत उजेड देते, तशीच भोवऱ्यांची नक्षी. एकाच वारंवारतेवर धूळ कुठली आणि विश्वाचा जन्म कुठला हे वेगळं काढता येत नाही. धुळीचे चांगले नकाशे प्लँक उपग्रहाकडे होते, पण ते अजून खुले झाले नव्हते, तर ध्रुवावरच्या टीमने एका परिषदेत दाखवलेल्या स्लाइडवरून आकडे उतरवून घेतले, बाकीची धुळीची मॉडेलंही धरली आणि धूळ थोडीच आहे असं ठरवलं. जूनमध्ये पेपर रीतसर छापला तेव्हा ते स्लाइडवालं मॉडेल गाळलं होतं आणि धुळीबद्दलची भाषा बरीच मऊ झाली होती. मजा म्हणजे मधल्या मे महिन्यात इन्फ्लेशनच्या तीन जनकांना एक मोठं बक्षीसही जाहीर झालं, ते मूळ कल्पनेसाठी होतं, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी दोन्ही बातम्या एकात एक घातल्या.

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. उपकरणातली चूक शोधण्यात त्यांनी काही कसर ठेवली नव्हती आणि सिग्नल खोटा नव्हताच, तो आजही तिथे आहे, फक्त तो धुळीचा आहे. शिवाय स्पर्धा होती, दुसऱ्याने आधी सांगितलं तर तीन वर्षं बर्फात काढलेली फुकट. तरीही मला वाटतं सहा महिने थांबता आलं असतं. सप्टेंबर २०१५ ला कृष्णविवरांच्या टकरीच्या लहरी पकडणाऱ्यांनी पेपर स्वीकारला जाईपर्यंत तोंड बंद ठेवलं आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला सांगितलं. अफवा तेव्हाही उठल्या, कोणाचं काय बिघडलं?

सप्टेंबर २०१४ ला प्लँकने ३५३ गिगाहर्ट्झवरून हिशोब करून दाखवलं की त्या तुकड्यातला जवळपास सगळा सिग्नल धुळीचाच असू शकतो. जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही गटांनी एकत्र बसून मर्यादा दिली, आर ०.१२ पेक्षा कमी. त्या बातमीला आपल्याकडे कोपऱ्यात चार ओळी मिळाल्या असतील. अजूनही ऐरोली-मुलुंड पट्ट्यात कुठेही व्याख्यान द्या, कोणीतरी उठून म्हणतंच की ते तर २०१४ लाच सापडलं ना सर.

नंतरचं अजून चालूच आहे. २०१७ मध्ये तिघांनी एका अमेरिकन मासिकात लिहिलं की इन्फ्लेशन काहीही जुळवून घेऊ शकतं म्हणून ते तपासताच येत नाही, त्यातला एक १९८२ च्या दुरुस्तीतलाच, आणि त्यावर तेहेतीस जणांनी सह्या करून उत्तर दिलं. सह्यांनी विज्ञान ठरत नाही, पण उत्तरातला मुद्दा, की मॉडेलं तपासता येतात, खरा होता, कारण २०२१ ला त्याच ध्रुवावरच्या टीमने, आता एकाऐवजी अनेक वारंवारता घेऊन, आर ०.०३६ च्या खाली आणला आणि शॅम्पेनवालं ते साधं मॉडेल गेलं. म्हणजे काही मॉडेलं मरतात. टिकलं कोणतं, तर १९८० चं ते रशियन. २०२५ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीच्या आकड्यांनी त्यालाही थोडं डिवचलंय, फरक दोन सिग्माच्या आसपास, म्हणजे पेढे आणायची वेळ नाही.

शनिवारी ज्याच्याकडे असेल त्याने पोलराइज्ड गॉगल आणा, स्टेशनबाहेरचा साधा काळा चालणार नाही. घ्यायच्या आधी मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून फिरवून बघा, काळा पडला तर खरा.