अतिरेकवाद, दहशतवाद आणि बालशिक्षण

मूल साधारण तीन ते बारा-तेरा वर्षांचं असताना बालवाडीत आणि शाळेत जे शिकतं त्यामुळे पुढे ते हिंसक अतिरेकी विचारांकडे वळण्याची शक्यता कमी करता येते, या गृहीतकावर उभी असलेली धोरणं, अभ्यासक्रम आणि संशोधन या विषयात येतं. पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा हिंसा घडायच्या बेतात असताना कामाला येतात, हा उपाय मात्र त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीचा आहे, त्यामुळे त्याचं मोजमाप फार अवघड जातं आणि बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

कल्पनेचं मूळ कुठे धरायचं यावर एकमत नाही. सहसा युनेस्कोच्या १९४५ सालच्या घटनेकडे बोट दाखवतात, युद्धं माणसांच्या मनात सुरू होतात म्हणून शांततेची तटबंदीही मनातच उभारायला हवी असं तिच्या सुरुवातीलाच म्हटलंय. काही अभ्यासक आणखी मागे जातात: १९३१ मध्ये लंडनला माँटेसरी शिक्षकांसमोर बोलताना गांधीजींनी जगाला खरी शांतता शिकवायची असेल तर सुरुवात मुलांपासून करावी लागेल असं सांगितलं होतं, आणि पुढच्याच वर्षी मारिया माँटेसरींनी जिनिव्हात शांतता आणि शिक्षण या विषयावर व्याख्यान दिलं. पण ही सगळी मांडणी मुख्यतः युद्धाच्या संदर्भातली आहे. एखादा साधा माणूस दुसऱ्यांना मारायला तयार कसा होतो आणि त्याच्या लहानपणाचा त्याच्याशी काय संबंध, हा प्रश्न थेट विचारला तो जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी, १९६६ च्या एका रेडिओ भाषणात. आउश्वित्झ, म्हणजे त्या नाझी छळछावणीतला नरसंहार, पुन्हा घडू नये ही शिक्षणाकडून पहिली अपेक्षा आणि त्यासाठी लक्ष लहानपणावर केंद्रित करायला हवं असं त्यांचं म्हणणं. मुलांना ‘कणखर’ करण्याच्या संस्कारावर त्यांनी कडक टीका केली, कारण स्वतःची वेदना दाबायला शिकलेला माणूस दुसऱ्याच्या वेदनेबद्दलही बेफिकीर होतो. आजच्या विषयाचं मूळ म्हणून हे भाषण जास्त सयुक्तिक वाटतं. अर्थात धोरणाची सध्याची भाषा बरीच नंतरची, २००१ नंतरच्या काळातली. सुरक्षा परिषदेचा परदेशी दहशतवादी लढवय्यांबद्दलचा २०१४ चा ठराव २१७८ आणि जानेवारी २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी मांडलेला हिंसक अतिरेकवाद रोखण्याचा कृती आराखडा हे त्यातले महत्त्वाचे टप्पे. आराखड्यातल्या सात क्षेत्रांपैकी एक शिक्षण, कौशल्यं आणि रोजगाराचं आहे आणि त्याच वर्षी युनेस्कोने शिक्षकांसाठी मार्गदर्शिकाही काढली.

शिक्षण वाढलं की दहशतवाद कमी होतो का? वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं, पण २००३ मध्ये अर्थतज्ज्ञ अॅलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोव्हा यांनी लेबनॉनमध्ये मारल्या गेलेल्या हिजबुल्लाच्या लढवय्यांची माहिती तपासली तेव्हा ते तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा गरीब किंवा कमी शिकलेले नव्हते, उलट शिक्षणात थोडे पुढेच होते. पीटर बर्गन आणि स्वाती पांडे यांनी २००६ मध्ये पाश्चिमात्यांवरच्या मोठ्या हल्ल्यांत सामील असलेल्या ७९ जणांची पार्श्वभूमी पाहिली, त्यातले निम्म्याहून जास्त कॉलेजात गेलेले होते आणि मदरशात शिकलेले फक्त ११ टक्के. दिएगो गाम्बेट्टा आणि स्टेफन हेर्टोग यांना तर जिहादी गटांमध्ये इंजिनिअर प्रमाणाबाहेर जास्त आढळले. यावर एथन ब्वेनो द मेस्किटा यांचं उत्तर असं की संघटना आलेल्या लोकांमधून जास्त सक्षम माणूस निवडतात, त्यामुळे पकडलेले किंवा मेलेले लोक शिकलेले दिसले तरी पाठिंबा देणारे सगळे तसेच असतील असं त्यातून निघत नाही. २०१५ मध्ये ब्रॉकहॉफ, क्रीगर आणि मायरीक्स यांनी अनेक देशांची आकडेवारी घेऊन दाखवलं की जिथे आर्थिक-राजकीय परिस्थिती बरी आहे तिथे शिक्षणाबरोबर देशांतर्गत दहशतवाद घटतो, आणि जिथे शिकूनही काही हाती लागत नाही तिथे तो वाढूही शकतो. हे मत जास्त पटणारं आहे. म्हणजे शाळेत किती वर्षं काढली हे मोजून फारसं हाती लागत नाही, तिथे काय शिकवलं, कसं शिकवलं आणि बाकावर शेजारी कोण बसलं होतं हे पाहावं लागतं.

शाळा उलट्या दिशेनेही तितकीच काम करते याचे पुरावे तर जास्त ठोस आहेत. फोग्टलेंडर आणि फोथ यांच्या २०१५ च्या अभ्यासात नाझी राजवटीत शाळेत गेलेल्या जर्मनांमध्ये पन्नासेक वर्षांनंतरही ज्यूद्वेष इतर पिढ्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळला, आणि जिथे हा द्वेष आधीपासून होता त्या भागांत शाळेचा परिणाम आणखी खोल झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या पैशाने अफगाण मुलांसाठी जी पुस्तकं तयार झाली त्यांत बंदुका, गोळ्या आणि मारलेले शत्रू मोजून गणित शिकवलं जात होतं. पुढे इस्लामिक स्टेटनेही स्वतःची पाठ्यपुस्तकं काढून हेच केलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला बेरीज अशी शिकवली तर त्याला ती नुसती बेरीजच वाटते, आणि यातली भीषणता नेमकी तिथेच आहे.

लहान वयच का, याला बालमानसशास्त्राचा आधार आहे. राबे आणि बेलमान यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं की पूर्वग्रह दोन-चार वर्षांपासून वाढत पाच ते सात वर्षांच्या आसपास शिगेला पोचतो आणि त्यानंतर किंचित उतरतो, पुढचा मार्ग बराचसा सामाजिक परिस्थितीवर ठरतो. उपायांमध्ये सगळ्यात जास्त तपासलेला विचार गॉर्डन ऑलपोर्ट यांचा १९५४ चा, की समान दर्जा, एकच उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा किंवा संस्थेचा पाठिंबा असेल तर दोन गटांच्या संपर्काने द्वेष कमी होतो. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास पाहून साधारण तेच सांगितलं, फक्त या चार अटी असल्या तर परिणाम वाढतो, त्या असायलाच हव्यात असं नाही अशी दुरुस्ती केली. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये, शाळांत वर्णभेद संपवताना तणाव वाढलेला असताना, प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकेक तुकडा देऊन एकमेकांकडून शिकायला लावणारी पद्धत वापरली, ती अजूनही वापरात आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ ला लॅगन कॉलेज अवघ्या २८ मुलांनिशी सुरू झालं, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एकत्र शिकवणारी ही पहिली एकात्मिक शाळा, पण आजही तिथली दहा टक्क्यांहून कमी मुलं अशा शाळांत जातात. आणि यातले बहुतेक अभ्यास पूर्वग्रह मोजतात, दहशतवाद नाही, कारण दहशतवादी कृत्यं इतकी दुर्मिळ असतात की काही हजार मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला तरी फरक दिसण्याइतके आकडे जमत नाहीत.

धोरणातला सगळ्यात मोठा वाद ब्रिटनचा. २०१५ च्या कायद्याने तिथल्या शाळांवर, अगदी नर्सरीवरसुद्धा, मुलं दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याकडे लक्ष देण्याचं कायदेशीर बंधन आलं. धोक्यातल्या मुलाला वेळेवर मदत मिळते असं समर्थक म्हणतात, तर टीकाकारांच्या मते शिक्षक पाळत ठेवणारा झाला की विशेषतः मुस्लिम मुलं वर्गात प्रश्न विचारणंच सोडून देतात, आणि हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. कारण वेडंवाकडं मत मोठ्या माणसासमोर बोलून दाखवायची आणि त्यावर उत्तर ऐकायची सुरक्षित जागा मुलाला बहुतेक वेळा वर्गातच मिळते. जर्मनीत १९७६ चा बॉयटेल्सबाख करार, म्हणजे राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांमधलं एकमत, याच्या उलट बाजूने जातो: शिक्षकाने स्वतःचं मत मुलांवर लादायचं नाही आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं.

बालसैनिकांच्या किंवा अतिरेकी गटांतून सोडवलेल्या मुलांच्या पुनर्वसनातही शाळा असते, उदाहरणार्थ पाकिस्तानात स्वातमध्ये २००९ मध्ये सुरू झालेलं सबाऊन केंद्र, जिथे नेहमीच्या शिक्षणासोबत मानसोपचारही दिले गेले. शाळांवरच हल्ले होतात ही याची दुसरी बाजू. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियात चिबोकच्या शाळेतून २७६ मुलींचं अपहरण झालं आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला पेशावरच्या लष्करी शाळेत शंभराहून जास्त मुलं मारली गेली. पुढच्या वर्षी ओस्लोत सुरक्षित शाळा जाहीरनामा मांडला गेला, त्याला आतापर्यंत शंभरावर देशांनी पाठिंबा दिलाय.