गिळण्यातील अडचण आणि स्मृतिभ्रंश

घास किंवा घोट तोंडातून जठरापर्यंत सुखरूप न पोहोचणे म्हणजे गिळण्यातील अडचण. वैद्यकात तिला डिसफेजिया म्हणतात. उतारवयात ती स्मृतिभ्रंशाच्या जोडीने वारंवार आढळते. दुखणे घशाचे वाटते, पण पुष्कळदा असते मेंदूचे.

गिळण्याचा घशातील टप्पा जेमतेम १ सेकंदाचा, आपोआप घडणारा. त्याची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे असतात. त्याआधीची कामे मोठ्या मेंदूची : समोरचे अन्न आहे हे ओळखणे, घास बेताचा घेणे, चावणे, जिभेने मागे सारणे. अल्झायमरमध्ये बहुधा हीच आधी बिघडतात. माणूस घास गालात धरून बसतो, नुसता चघळत राहतो. घरच्यांना तो हट्ट वाटतो. तो हट्ट नसतो. पार्किन्सनमध्ये व पक्षाघातानंतरच्या स्मृतिभ्रंशात स्नायूंचा मेळच बिघडतो.

नागपुरी ताटावरून हे चटकन कळते. तर्री-पोह्यांत रस्सा आणि पोहे एकदम तोंडात येतात. पोहे अजून चावायचे असतात, तोच रस्सा घशात उतरतो, आणि तेव्हा श्वासमार्ग उघडा असतो. संत्र्याच्या फोडीचेही तेच : रस आधी सुटतो, चोथा मागे राहतो. निरोगी माणूस हा हिशेब नकळत सांभाळतो. मऊ भात-वरण, गुठळ्या नसलेले पिठले असे एकजीव पदार्थ त्यामानाने सोपे. घट्टसर आंबीलही पाण्यापेक्षा सावकाश उतरते.

ठसका लागला तर निदान कळते तरी. काहींच्या फुफ्फुसात अन्न जाते आणि खोकलाही येत नाही. जेवणानंतर घरघरणारा ओला आवाज, पुन्हापुन्हा ताप, उतरत जाणारे वजन एवढ्याच खुणा; खात्री बेरियम मिसळलेल्या घासाच्या क्ष-किरण चित्रणाने किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीने होते. अन्नकण व तोंडातले जंतू फुफ्फुसात गेल्याने होणारा न्यूमोनिया हे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे एक मोठे कारण आहे. म्हणून दात, कवळी व जीभ स्वच्छ ठेवणे हाही उपचारच.

नाते उलट दिशेनेही चालते. ठसक्याच्या धास्तीने पाणी कमी प्यायले जाते. नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना तेवढ्याने म्हातारे माणूस बरळू लागते, आणि घरच्यांना वाटते, विसराळूपणा वाढला. पाणी दाट करून देण्याचा उपायही निर्धोक नाही, कारण ते बेचव म्हणून आणखी कमी प्यायले जाते.

रुग्णाला ताठ बसवून, टीव्ही बंद करून, लहान घास देऊन आधीचा घास उतरल्यावरच पुढचा भरवावा. अंतिम टप्प्यात जठरात नळी घालून अन्न द्यावे का, हा प्रश्न येतोच. नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसलेले नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचीच शिफारस केली.