सोमवारची पोटदुखी

‘नाशिक’ हा शब्द लिहून पाहा. वेलांटी श च्या आधी काढायची, उच्चार मात्र श च्या नंतर. ‘त्र्यंबक’मध्ये तर त, र आणि य एकमेकांवर चढून बसलेले. बहुतेक मुलांच्या हे लवकरच अंगवळणी पडतं. डिस्लेक्सिया असलेलं मूल आठवीतही असे शब्द नव्यानं सोडवत बसतं. बुद्धी कमी नसते. अक्षराला आवाज जोडण्याचं काम आपोआप होत नाही, एवढंच.

सोडवलेलं अक्षर पुढचं सोडवेपर्यंत डोक्यात धरून ठेवावं लागतं. तिथली जागा आधीच तोकडी, त्यात वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचायचं. ‘आता हसतील’ ही धास्ती तीच जागा अडवते. मग येणारा शब्दही अडतो, मुलं हसतात, पुढच्या वेळी धास्ती वाढते. सोमवारी सकाळी दुखणारं आणि दिवाळीच्या सुट्टीत न दुखणारं पोट इथलंच. ते ढोंग नसतं, पोट खरंच दुखतं.

म्हणून शिक्षकांनी वाचायच्या चार-पाच ओळी आदल्या दिवशीच सांगाव्यात. घरी १०-१५ मिनिटं पुरतात: आधी आपण वाचून दाखवायचं, मग दोघांनी मिळून, मग त्यानं एकट्यानं. वही तपासताना एका वेळी एकच प्रकारची चूक धरावी. आज वेलांट्या, तर जोडाक्षरं सोडून द्यावीत. पान लाल झालं की मूल लिहिणंच टाळतं. इतिहासाचं उत्तर तोंडी घ्यावं. ‘जरा लक्ष दे’ म्हणू नये. लक्ष ते देतंच, दमेपर्यंत.

गुण घसरले की पालक आधी क्रिकेट किंवा तबला बंद करतात आणि गंगापूर रोडला आणखी एक क्लास लावतात. शाबासकी मिळण्याची एकमेव जागा अशी हातची जाते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मूल ८ वर्षांचं झालं की प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अनेक घरांत ही धावपळ दहावीच्या तोंडावर होते. प्रमाणपत्रामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतोही, पण तोवर ‘मी ढ आहे’ हे मनात मुरलेलं असतं. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर मात्र पैसे घालवू नयेत. दोष डोळ्यांत नसतोच.

उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप उडाली, मित्र तुटले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आणि मराठीतही.